वाचकांचे प्रश्न : एआयची धास्ती आणि अमेरिकेची आघाडी

प्रश्न : एआयमध्ये अमेरिका जगाच्या पुढे, आणि एआयची काळजी वाटणारेही तिथेच इतके! ही भीती अज्ञानातून येते का?

उत्तर : अज्ञान म्हणून ती बाजूला सारता येत नाही. अमेरिकेतल्या प्यू रिसर्च सेंटर या जनमत पाहणाऱ्या संस्थेच्या पाहणीत २०२१ मध्ये ३७ टक्के अमेरिकी प्रौढांनी एआयबद्दल उत्साहापेक्षा काळजी जास्त वाटते असं सांगितलं होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये हे प्रमाण ५२ टक्क्यांवर गेलं. मधल्या काळात, ३० नोव्हेंबर २०२२ ला, चॅटजीपीटी आलं होतं. म्हणजे एआय घरोघरी पोचलं तरी काळजी ओसरली नाही, उलट वाढली. एप्रिल २०२५ मध्ये प्यूने तज्ज्ञांची आणि सामान्यांची उत्तरं शेजारी ठेवली. पुढच्या २० वर्षांत एआयचा देशावर चांगला परिणाम होईल असं ५६ टक्के तज्ज्ञांना वाटत होतं, सामान्यांपैकी फक्त १७ टक्क्यांना. सरकार नियमनात अतिरेक करेल की कमी पडेल, या प्रश्नावर मात्र दोन्ही गटांतल्या बहुसंख्यांना ‘कमी पडेल’ हीच चिंता होती. बातम्यांत या जुळणाऱ्या उत्तराची चर्चा फारच कमी झाली.

आमच्या मते खरी अडचण अशी की ‘एआयची भीती’ या एका शब्दात निदान तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात. पहिली, नुकसान होऊन गेलेलं आहे अशी. डेट्रॉइटमध्ये जानेवारी २०२० मध्ये चेहरा ओळखणाऱ्या प्रणालीच्या चुकीच्या जुळणीवरून एका निरपराध माणसाला त्याच्या घरच्यांसमोर अटक झाली. त्यावर उपाय तंत्राचा नव्हता, कार्यपद्धतीचा होता. जून २०२४ च्या तडजोडीनुसार तिथल्या पोलिसांना केवळ अशा जुळणीच्या आधारावर अटक करता येत नाही. दुसरी भीती वीज आणि नोकऱ्यांची, म्हणजे खर्च कुणाच्या माथी पडणार याची. तिसरी, यंत्र माणसाच्या हाताबाहेर जाईल ही. मे २०२३ मध्ये जेफ्री हिंटन, योशुआ बेंजिओ या एआयच्या नामवंत संशोधकांसह खुद्द एआय कंपन्यांच्या प्रमुखांनीही एका वाक्याच्या निवेदनावर सह्या करून हा धोका महासाथ आणि अणुयुद्धाच्या पंगतीला बसवला. बनवणाराच असं सांगत असताना ऐकणाऱ्याने निर्धास्त राहावं ही अपेक्षा चूक आहे. मात्र तिन्ही भीतींवर एकच औषध चालत नाही. कुठल्याही बातमीत आधी हे पाहा : ही तिघींपैकी कोणती?

प्रश्न : ‘आपण नियमांत अडकलो तर चीन पुढे निघून जाईल’ असं अमेरिकेत सतत म्हटलं जातं. यात तथ्य किती?

उत्तर : थोडं आहे, पण सांगितलं जातं तेवढं नाही.

आधी एक जुनं उदाहरण, कारण ते थेट अमेरिकेचं आहे. १९७० च्या दशकात एका जीवाचा डीएनए दुसऱ्यात जोडण्याचं तंत्र नवं होतं आणि प्रयोगशाळेतून भलताच जंतू सुटेल ही धास्ती होती. १९७४ मध्ये शास्त्रज्ञांनीच काही प्रयोग थांबवले, १९७५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या असिलोमारला परिषद भरली आणि १९७६ मध्ये एनआयएच या आरोग्य संशोधन संस्थेने मार्गदर्शक नियम काढले. त्याच उन्हाळ्यात हार्वर्ड आणि एमआयटी ज्या शहरात आहेत त्या केंब्रिजच्या नगर परिषदेने अशा प्रयोगांच्या एका वर्गावर तात्पुरती बंदीच घातली. पण तेवढ्यावर न थांबता परिचारिका, अभियंता, व्यावसायिक अशा सामान्य नागरिकांची समिती नेमली. समितीने महिनोन्‌महिने शास्त्रज्ञांची उलटतपासणी केली आणि फेब्रुवारी १९७७ मध्ये शहराने काही जादा अटी घालून काम सुरू करू दिलं. पुढे काय झालं? १९८२ मध्ये बायोजेन कंपनी केंब्रिजला आली, तिच्यामागून इतर आल्या आणि आज तिथला केंडल स्क्वेअर हा जैवतंत्रज्ञानाचा जगातला सर्वांत गजबजलेला भाग समजला जातो. नियम कडक होते, पण लिखित होते. इमारतीत पैसा घालणाऱ्याला उद्या काय चालेल आणि काय चालणार नाही हे आधी कळत होतं. शेजारपाजारचे लोकही दारात मोर्चा आणत नव्हते, कारण त्यांच्यातल्याच माणसांनी प्रश्न विचारून झाले होते.

याच्या उलट उदाहरण ब्रिटनचं. २ मे १९५२ ला कॉमेट या जेट विमानाने लंडन ते जोहान्सबर्ग प्रवासी सेवा सुरू केली. त्या क्षणी ब्रिटन साऱ्या जगाच्या पुढे होता. १९५४ मध्ये जानेवारी आणि एप्रिलमध्ये दोन विमानं हवेतच फुटली. फार्नबरोच्या विमान संशोधन केंद्रात अख्खं विमान पाण्याच्या टाकीत घालून पुन्हापुन्हा दाब दिला, तेव्हा धातूचा थकवा आणि सांगाड्यातल्या खिडक्यांसारख्या कापांच्या कोपऱ्यांवर साठणारा ताण हे कारण सापडलं. सुधारित कॉमेट ऑक्टोबर १९५८ मध्ये अटलांटिकपारच्या सेवेत उतरलं, पण त्याच महिन्यात जास्त प्रवासी नेणारं बोइंग ७०७ सुद्धा आलं आणि बाजार तिकडे गेला. ब्रिटनची आघाडी नियमांनी नाही, न झालेल्या चाचणीने घालवली.

आता चीन. तिथे नियमच नाहीत हा समज चुकीचा आहे. कृत्रिम आवाज-चित्रांचे नियम १० जानेवारी २०२३ पासून, मजकूर तयार करणाऱ्या एआय सेवांचे १५ ऑगस्ट २०२३ पासून आणि एआयनिर्मित मजकुरावर तशी खूण करण्याची सक्ती १ सप्टेंबर २०२५ पासून लागू आहे. यातला बराच भाग राजकीय मजकुरावर पकड ठेवण्यासाठी आहे, त्यामुळे तो आदर्श म्हणून घेऊ नये. पण ‘ते मोकळे, आपण बांधलेले’ हे चित्र खरं नाही.

तथ्य आहे ते नियमांच्या घडणीबाबत. नियम संदिग्ध असेल किंवा ५० राज्यांचे ५० वेगळे असतील तर लहान कंपनीचा जीव वकिलांतच जातो. कोलोरॅडोने मे २०२४ मध्ये व्यापक कायदा केला आणि नंतर अंमलबजावणी जून २०२६ पर्यंत पुढे ढकलली. उलट राज्यांना दहा वर्षं कायदेच करू देऊ नयेत अशी तरतूद १ जुलै २०२५ ला सेनेटने ९९ विरुद्ध १ मतांनी विधेयकातून काढून टाकली. आम्हाला देशभर एकच कायदा योग्य वाटतो. मात्र केंद्राचा कायदा हातात नसताना राज्यांची पाटी कोरी करणं म्हणजे जुना पूल पाडून नव्याचा फक्त आराखडा दाखवणं आहे.

प्रश्न : आघाडी चिपवर ठरते म्हणतात. एवढा मोठा चीन ती चिप स्वतः का बनवू शकत नाही?

उत्तर : चिप बनवतो, पण सर्वांत बारीक रेषांची चिप हव्या त्या संख्येने बनवणं जड जातं. अडथळा एका यंत्रापाशी आहे. १३.५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशाने चिपवर नक्षी उमटवणारं ईयूव्ही यंत्र जगात फक्त नेदरलँड्समधली एएसएमएल विकते.

आत काय चालतं ते समजलं की नक्कल का अवघड हे कळतं. वितळलेल्या कथिलाचे सूक्ष्म थेंब सेकंदाला सुमारे ५०,००० या वेगाने सोडले जातात. लेझरचा पहिला ठोका थेंबाला चपटा करतो आणि दुसरा त्याचा प्लाझ्मा, म्हणजे अतितप्त विद्युतभारित वायू करतो. त्यातून हवा तो प्रकाश निघतो. हा प्रकाश हवा शोषून घेते, म्हणून सगळं निर्वातात. काचही शोषून घेते, म्हणून भिंगांऐवजी मॉलिब्डेनम आणि सिलिकॉनच्या पातळ थरांचे आरसे, आणि ते बनवते जर्मनीची झाइस. प्रत्येक आरसा साधारण ७० टक्के प्रकाशच परतवतो. दहा आरशांनंतर ०.७ चा दहावा घात, म्हणजे ३ टक्क्यांहूनही कमी प्रकाश उरतो. म्हणून मुळातला प्रकाशस्रोत प्रचंड शक्तीचा लागतो. त्यात कथिलाचे कण पहिल्याच आरशावर बसून तो आंधळा करतात. ते धुऊन काढायला हायड्रोजन वायूचा प्रवाह सतत सोडावा लागतो. थेंब, लेझर, आरसे, निर्वात, वायू : यातलं एक बिघडलं की उत्पादन थांबतं. रेखाचित्र चोरीला गेलं तरी ही हातोटी चोरता येत नाही.

हे यंत्र चीनला गेलेलं नाही. त्याच्याकडे १९३ नॅनोमीटरच्या जुन्या प्रकाशाची यंत्रं आहेत. त्यांच्यावर तोच थर तीन-चार वेळा वेगवेगळा छापून बारीक रेषा काढता येतात आणि तसं त्याने करून दाखवलं आहे. किंमत मोजावी लागते ती जुळणीची. दर छपाईला नॅनोमीटरभर चूक झाली तरी ती साठत जाते आणि सिलिकॉनच्या एका चकतीतून निघणाऱ्या चांगल्या चिप घटतात.

अमेरिकेने ७ ऑक्टोबर २०२२ ला निर्यात निर्बंध आणले तेव्हा निकषात चिपचा वेग आणि चिप-चिपमधला माहिती वहनाचा वेग अशा दोन गोष्टी होत्या. एन्व्हिडिया या अमेरिकी चिप कंपनीने दुसरी गोष्ट निकषाखाली आणली : आपल्या ए१०० चिपचा सेकंदाला ६०० गिगाबाइटचा दुवा ४०० वर उतरवून ए८०० काढली, तसंच एच१०० वरून एच८००. आकडेमोडीचा वेग जवळपास तोच राहिला. ऑक्टोबर २०२३ मध्ये हा दरवाजा बंद झाला आणि डिसेंबर २०२४ मध्ये या चिपना लागणाऱ्या एचबीएम या वेगवान स्मृतीवरही निर्बंध आले. आकड्यात लिहिलेली सीमारेषा असेल तर कंपनी बरोबर तिच्या खाली उभी राहील, हे धोरण आखणाऱ्याने धरूनच चालावं.

प्रश्न : पण चीनच्या डीपसीक कंपनीने ५६ लाख डॉलरमध्ये तोडीस तोड मॉडेल बनवलं ना? मग निर्बंध आणि अब्जावधींची गुंतवणूक दोन्ही फोल ठरली की!

उत्तर : तो आकडा खरा आहे, पण तो कशाचा आहे ते पाहा. डीपसीक व्ही३ च्या अहवालात २,०४८ एच८०० चिपवर एकूण २७.८८ लाख चिप-तास धरले आहेत. तासाला २ डॉलर भाडं लावून ५५.७६ लाख डॉलर होतात. हा फक्त शेवटच्या प्रशिक्षणाचा खर्च. आधीचे फसलेले प्रयोग, संशोधन, विदा गोळा करणं आणि पगार त्यात नाहीत. आधीचं संशोधन आणि प्रयोग धरलेले नाहीत असं अहवालातच लिहिलं आहे. तरीही २७ जानेवारी २०२५ ला एन्व्हिडियाचं बाजारमूल्य एका दिवसात सुमारे ५८९ अब्ज डॉलरने घसरलं.

स्वस्ताईचं गमक रचनेत आहे. मॉडेलमध्ये ६७१ अब्ज पॅरामीटर (प्रशिक्षणात ठरणारे आकडे), पण प्रत्येक टोकनमागे, म्हणजे मजकुराच्या शब्दाएवढ्या तुकड्यामागे, त्यातले ३७ अब्जच कामाला लागतात. तुम्हीही हिशेब करू शकता. प्रशिक्षणाला लागणारी एकूण गणनं म्हणजे ढोबळमानाने ६ गुणिले सक्रिय पॅरामीटर गुणिले टोकन. ३७ अब्ज आणि १४.८ लाख कोटी टोकन घातले की साधारण ३.३ गुणिले १० चा २४ वा घात हे उत्तर येतं.

आता हा आकडा कायद्यांशेजारी ठेवा. बायडेन यांच्या ३० ऑक्टोबर २०२३ च्या आदेशात (तो २० जानेवारी २०२५ ला रद्द झाला) प्रशिक्षणाची माहिती सरकारला कळवण्याची मर्यादा १० चा २६ वा घात एवढी गणनं ही होती. कॅलिफोर्नियाच्या सप्टेंबर २०२५ च्या एसबी ५३ मध्येही तीच आहे. युरोपीय संघात १० चा २५ वा घात. म्हणजे ज्या मॉडेलने बाजार हलवला ते अमेरिकी मर्यादेच्या ३० पट खाली आणि युरोपच्या मर्यादेच्या एक तृतीयांश होतं. अमेरिकी मर्यादा गाठायला किती लागतं? एच१०० चिप प्रत्यक्ष कामात सेकंदाला सुमारे ४ गुणिले १० चा १४ वा घात एवढी गणनं करते असं धरलं तर २५,००० चिप सलग ११६ दिवस चालवाव्या लागतात. एवढं मोठं काम लपत नाही, हा या मोजमापाचा गुण. पण रचना सुधारली की कमी गणनांत तेवढीच क्षमता मिळते, हा त्याचा दोष. म्हणून मर्यादा दरवर्षी तपासायला हवी आणि तिच्या जोडीला क्षमतेची प्रत्यक्ष चाचणी हवीच.

निर्बंध फोल ठरले असंही नाही. एका मॉडेलच्या प्रशिक्षणाला कमी चिप पुरल्या तरी ते कोट्यवधी लोकांना वापरायला द्यायचं तर पुन्हा चिपच लागतात. स्टॅनफर्डच्या २०२५ च्या एआय निर्देशांकानुसार २०२४ मध्ये अमेरिकेत ४० उल्लेखनीय मॉडेल झाली, चीनमध्ये १५. संख्येत अंतर आहे. पण एमएमएलयू या प्रचलित परीक्षेत २०२३ च्या अखेरीस दोघांत १७.५ टक्केबिंदूंचं अंतर होतं, ते वर्षभरात ०.३ वर आलं. ‘कायमची आघाडी’ हा शब्दप्रयोग त्यामुळे सोडून दिलेला बरा.

प्रश्न : मॉडेल बाजारात येण्याआधी सुरक्षित आहे की नाही हे कसं तपासतात? ही तपासणी विश्वासार्ह असते का?

उत्तर : ढोबळ पद्धत अशी : घातक विषयांवरचे प्रश्नसंच देणं, तज्ज्ञांना मुद्दाम वाईट हेतूने प्रश्न विचारायला लावणं, आणि मॉडेलला साधनं देऊन (संगणक, शोध, कोड चालवण्याची सोय) ते एकट्याने कुठवर जातं ते बघणं.

चुका ठरावीक ठिकाणी होतात. प्रश्नसंच आधीच इंटरनेटवर असेल तर मॉडेलने तो प्रशिक्षणात वाचलेला असतो आणि गुण फुगतात. एकदा विचारून नकार मिळाला की ‘सुरक्षित’ लिहिलं जातं; तोच प्रश्न शब्द फिरवून शंभरदा विचारला तर एखाद्या वेळी उत्तर निघतं, आणि गुन्हेगाराला एकदाच पुरतं. तिसरी चूक म्हणजे परीक्षकाने मॉडेलला पुरेसा वेळ किंवा साधनंच दिलेली नसतात, आणि त्याचं बळ कमी मोजलं जातं. शिवाय आपली परीक्षा चालू आहे हे ओळखून वेगळं वागणारी मॉडेल संशोधकांनी नोंदवली आहेत. म्हणून ‘चाचणी केली’ एवढ्यावर समाधान मानू नका. कुणी केली, किती वेळा, कोणत्या साधनांसह, आणि प्रकाशनाआधी किती दिवस, हे विचारा.

खुल्या वेट्सच्या, म्हणजे ज्याची मूळ फाइल कुणालाही उतरवून घेता येते अशा मॉडेलबाबत काळजी जास्त घ्यावी लागते, कारण नकार देण्याचं वळण थोड्याशा पुनर्प्रशिक्षणाने पुसता येतं आणि एकदा उतरवून घेतलेली फाइल परत मागवता येत नाही. मॉडेल बंद ठेवलं तरी ती फाइल लहानच. ६७१ अब्ज पॅरामीटर, प्रत्येकी एक बाइट, म्हणजे ६७१ गिगाबाइट. खिशातल्या डिस्कवर मावेल. गूगलच्या एका माजी अभियंत्यावर मार्च २०२४ मध्ये आरोप ठेवले गेले, ते ५०० हून अधिक गोपनीय फाइली वर्षभर आपल्या खासगी खात्यावर चढवल्याचे. आघाडी टिकवायची तर सीमेवरच्या चिपइतकंच कार्यालयातल्या फाइलींकडे लक्ष हवं. हे काम सुरक्षावाद्यांना आणि आघाडीवाद्यांना सारखंच हवं असतं, तरी दोघेही त्यावर कमी बोलतात.

प्रश्न : ओळखीच्या आवाजात फोन आला तर खरा-खोटा कसा ओळखायचा?

उत्तर : कानाने ओळखण्याचा प्रयत्नच करू नका. काही सेकंदांच्या नमुन्यावरून आवाज बनवता येतो. पापण्या लवतात का, ओठ जुळतात का हे बघण्याचे जुने सल्लेही आता निकामी होत चालले आहेत. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका बहुराष्ट्रीय कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ बैठकीत वरिष्ठांना ‘पाहून’ सुमारे २.५ कोटी डॉलर पाठवले. बैठकीतले बाकी सगळे चेहरे बनावट होते.

उपाय साधे आहेत. फोन ठेवा आणि तुमच्याकडे आधीपासून असलेल्या क्रमांकावर तुम्ही उलट फोन करा. घरात एक परवलीचा शब्द ठरवा. तो संदेशात लिहू नका, समाजमाध्यमावर सापडेल असा नको. ‘कुणाला सांगू नकोस’ आणि ‘आत्ताच’ हे दोन्ही एकत्र आले की थांबा. कार्यालयात ठरावीक रकमेवर दोन माणसांची मंजुरी आणि नव्या खात्यात पहिला भरणा करण्याआधी एक दिवसाची मुदत ठेवा. हाँगकाँगला चेहरा ओळखण्याचं कौशल्य कमी पडलं नव्हतं, कमी पडली ती ही दुसरी पायरी.

अमेरिकेत जानेवारी २०२४ मध्ये न्यू हॅम्पशायरच्या मतदारांना बायडेन यांच्या बनावट आवाजात फोन गेले. ८ फेब्रुवारीला एफसीसी या दूरसंचार नियामकाने जुन्याच कायद्याखाली, संमतीशिवाय अशा आवाजातले स्वयंचलित फोन करणं बेकायदा ठरवलं. प्रत्येक वेळी नवा कायदा लागतोच असं नाही.

प्रश्न : डेटा सेंटरमुळे सामान्यांचं वीजबिल वाढतं हे खरं का?

उत्तर : अमेरिकेच्या काही भागांत, हो. पीजेएम हे १३ राज्यं आणि वॉशिंग्टन डीसीला वीज पुरवणारं जाळं. ऐन गरजेच्या वेळी वीज देण्यास सज्ज राहण्यासाठी तिथे जो दर मोजतात, तो २०२४-२५ साठी दिवसाला प्रति मेगावॉट २८.९२ डॉलर होता. २०२५-२६ साठी २६९.९२ झाला. जुनी केंद्रं बंद होणं आणि लिलावाचे बदललेले नियम ही कारणंही त्यात आहेत, पण डेटा सेंटरची अपेक्षित मागणी हे मोठं कारण आहे.

यावरचा चांगला तोडगा ओहायोने काढला. २०२५ मध्ये तिथल्या नियामकाने एईपी ओहायो या वीज कंपनीच्या २५ मेगावॉटहून मोठ्या नव्या डेटा सेंटरना अट घातली : जेवढी वीज मागाल तिच्या किमान ८५ टक्क्यांचे पैसे १२ वर्षांपर्यंत भरा, वापरा किंवा न वापरा. त्यामुळे एकाच प्रकल्पासाठी चार ठिकाणी अर्ज टाकून ठेवण्याची सवय महाग पडते आणि अर्धवट सुटलेल्या प्रकल्पाच्या तारांचा खर्च घरगुती ग्राहकावर येत नाही. चीन वर्षाला अमेरिकेच्या दुपटीहून जास्त वीज निर्माण करतो. वीज हा आघाडीचाच भाग आहे, पण ती शेजाऱ्यांच्या बिलातून उभी राहिली तर पुढच्या डेटा सेंटरला गावकरी जागाच देणार नाहीत.

प्रश्न : अण्वस्त्रं डागण्याचा निर्णय यंत्राच्या हाती जाईल का? मला या एकाच गोष्टीची खरी भीती वाटते.

उत्तर : ही भीती आम्ही हलक्यात घेत नाही. २६ सप्टेंबर १९८३ ला सोव्हिएत उपग्रह यंत्रणेने अमेरिकेने पाच क्षेपणास्त्रं सोडल्याचं दाखवलं. ढगांवरून परावर्तित झालेल्या उन्हाला ती फसली होती. ड्यूटीवरचे अधिकारी स्तानिस्लाव पेत्रोव यांनी विचार केला की पहिला हल्ला पाचच क्षेपणास्त्रांनी कुणी करणार नाही, जमिनीवरची रडारही काही दाखवत नाहीत. आणि त्यांनी इशारा खोटा असल्याचं कळवलं. हा विचार यंत्रणेच्या बाहेरून आला होता.

१६ नोव्हेंबर २०२४ ला पेरूमधल्या लिमा इथे बायडेन आणि शी जिनपिंग यांनी अण्वस्त्र वापराचा निर्णय माणसाच्याच हाती राहावा यावर सहमती दर्शवली. दोन स्पर्धक एकमेकांपुढे जाण्यासाठी धडपडत असतानाही एका रेषेवर थांबू शकतात हे त्यातून दिसलं, आणि त्याचं आम्हाला मोल वाटतं. पण दोन प्रश्न उरतात. क्षेपणास्त्रांचे तळ उपग्रहातून मोजता येतात, सॉफ्टवेअर मोजता येत नाही. त्यामुळे पडताळणीची सोय त्या सहमतीत नाही. दुसरा प्रश्न जास्त सूक्ष्म आहे. बटण माणसाच्या हाती असलं, तरी त्याच्यासमोरचा इशारा, त्यावरचं विश्लेषण आणि सुचवलेला पर्याय हे सगळं यंत्राकडून आलं आणि ठरवायला काही मिनिटंच असली, तर माणूस बहुधा होकारच भरतो. म्हणून अशा प्रणालीत एआयचा निष्कर्ष आणि मूळ उपकरणांचे आकडे वेगळ्या पडद्यांवर, वेगळ्या माणसांसमोर हवेत, आणि दुसऱ्याला पहिल्याचं मत आधी कळता कामा नये.